बडोदा: गर्भपातासाठी सोबत जाताना – नवऱ्याची सही, केमिस्टची 'नाही' आणि इतर अडवणूक

सुरसागरकाठची

'सोबत जाणाऱ्या बायका' नक्की करतात काय, असं परवा सेव-उसळीच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं. तिथे विषयांतर नको म्हणून वेगळा धागा काढतेय.

आम्ही दांडिया बाजार आणि रावपुरा भागातल्या काही जणी. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही, बॅनर नाही. कुणाकडे पोळ्या करणारी, कुणाच्या ऑफिसातली, कुणाची चुलतजाऊ. तिला पिशवी साफ करून घ्यायची असेल आणि बरोबर यायला कुणी नसेल, तर आमच्यातली एक जाते. रिक्षा करते, नंबर लावते, डबा नेते, संध्याकाळी घरी सोडते. काम एवढंच.

अमेरिकेत क्लिनिकच्या दाराशी लोक फोटो आणि भोंगे घेऊन उभे असतात आणि बायकांना आत न्यायला स्वयंसेवक लागतात, हे सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंय. आपल्याकडे दाराशी कुणी नसतं. वॉचमन असतो, तोही 'बेन, स्कूटर त्यां मूको' यापलीकडे काही बोलत नाही. आपली अडवणूक आत होते, काउंटरवर, आणि कुणीही आवाज न चढवता.

उदाहरण देते. दवाखान्याचं नाव विचारू नका. संमतीचा कागद असतो, त्याला फॉर्म सी म्हणतात. एक पान. बाईचं नाव, वय, पत्ता, 'मी संमती देते', खाली सही किंवा अंगठा. वय अठराच्या आत असेल किंवा मानसिक आजार असेल तर पालकाची सही. नवऱ्याच्या सहीसाठी त्या कागदावर जागाच ठेवलेली नाही. पण जिच्याबरोबर मी गेले होते तिच्या कागदावर अगदी तळाशी निळ्या शाईचा रबरी शिक्का होता: 'पतिनी सही'. बघा, शिक्का! कुणीतरी दुकानात जाऊन, मजकूर सांगून, पैसे मोजून तो बनवून घेतलाय. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, एना विना साहेब करता नथी. हिचा नवरा सुरतेला हिऱ्याच्या कारखान्यात. तो घरी आला की काय होतं ते तिने मला रिक्षात सांगितलं होतं. इथे लिहीत नाही.

मी म्हटलं, हे कुठल्या कायद्यात आहे ते दाखवा. मुलगी गोंधळली, आत जाऊन आली, म्हणाली, साहेब ओटीमध्ये आहेत, उद्या या. उद्याला 'अजून एक सोनोग्राफी करून आणा'. मग आम्ही सरकारी दवाखाना गाठला. तिथेही नवऱ्याचं विचारलंच, पण 'तो नाही आणि लागतही नाही' म्हटल्यावर सिस्टरनं मान डोलावून पुढची ओळ भरली. रांग मात्र लांब होती आणि बाकं लोखंडी.

माझं म्हणणं एवढंच की इथे दवाखान्याचं दार राखायचं तर त्या काउंटरपाशी, तिच्या शेजारच्या खुर्चीत, कायदा माहीत असलेलं माणूस बसलेलं पाहिजे. घोषणा द्यायला मोर्चे आहेतच.

मांडवीकर

ताई, काम चांगलं आहे, पण एक विचारतो. मूल दोघांचं ना? नवऱ्याला कळूही द्यायचं नाही हे कसं?

कोर्टाची पायरी

मांडवीकर, चांगल्या घरात नवऱ्याला कळतंच, किंबहुना तोच स्कूटरवरून घेऊन येतो. कायदा तिथे कामाचा नाही. तो लागतो जिथे सांगता येत नाही तिथे.

एका नवऱ्याने माझ्या परवानगीशिवाय गर्भपात केला म्हणून बायको, सासरे, मेव्हणा आणि डॉक्टरांवर नुकसानभरपाईचा दावा लावला होता. पंजाब-हरियाणा हायकोर्टाने २०११ मध्ये तो फेटाळला, सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये तेच कायम केलं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी. हा निकाल डॉक्टरांच्याच बाजूने आहे, पण तो डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोचत नाही आणि शिक्के मात्र पोचतात.

आता बाकीचं, कारण दरवेळी तेच प्रश्न येतात. एमटीपी, म्हणजे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा, अमलात आला १ एप्रिल १९७२ ला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० ते २४ मध्ये दोघांचं, तेही ठरावीक बायकांसाठी: बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग, गरोदरपणात वैधव्य किंवा घटस्फोट आलेली वगैरे. गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ नंतरही, पण मेडिकल बोर्डाकडून. जिवाला तातडीचा धोका असेल तर आठवडे मोजत नाहीत.

आणि हेही स्पष्ट सांगतो, कारण 'भारतात सगळं खुलं आहे' असा समज दिसतो: आपल्याकडे हा बाईचा सरळ हक्क म्हणून लिहिलेला नाही. गर्भपात करणं हा मुळात गुन्हाच आहे, आधी आयपीसी ३१२, आता भारतीय न्याय संहितेचं ८८ कलम. १९७१ चा कायदा डॉक्टरला त्यातून सूट देतो. म्हणून डॉक्टर स्वतःला आरोपी समजून वागतो आणि जास्तीचे कागद गोळा करतो. शिक्क्याचं मूळ तिथे आहे.

निवृत्त स्त्रीरोग

वरच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. मी कारेलीबागेत प्रॅक्टिस केली, आता नातवंडं सांभाळतो, तेव्हा मोकळेपणाने लिहितो.

आम्ही सही का मागतो? कायद्याला घाबरून थोडी आणि नातेवाइकांना घाबरून फार. दुसऱ्या दिवशी सासू, दीर आणि दोन मोटरसायकली भरून माणसं येतात. काच फुटते. पोलीस येतात ते आधी आमचं रजिस्टर मागतात. त्यात पीसीपीएनडीटीचं सावट. १९९४ चा तो कायदा गर्भलिंग तपासणीच्या विरुद्ध आहे, गर्भपाताच्या विरुद्ध नाही. पण तपासणीला येणारा अधिकारी दोन्ही रजिस्टरं एकाच नजरेने बघतो. सोनोग्राफीच्या फॉर्म एफमध्ये एक रकाना चुकला की मशीन सील. त्यापेक्षा 'आम्ही एमटीपी करत नाही' अशी पाटी लावलेली परवडते, आणि माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांनी ती लावली.

याने मुली वाचल्या का? गुजरातेत सहा वर्षांखालच्या मुलांत हजार मुलग्यांमागे २००१ ला ८८३ मुली होत्या, २०११ ला ८९०. तुम्हीच ठरवा. लिंग तपासून गर्भपात होतो तो साधारण चौथ्या महिन्यानंतर. सात-आठ आठवड्यांच्या बाईला दारातून परत पाठवून कुठली मुलगी वाचते, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

रजिस्टरचंही सांगतो. बाईचा संमतीचा कागद आणि डॉक्टरचं मत लिफाफ्यात बंद करून वर अनुक्रमांक आणि 'गुप्त' असं लिहायचं असतं. तिचं नाव बाहेर सांगणाऱ्या डॉक्टरला २०२१ पासून एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा घरी फोन करून 'तुमची सून आली होती' सांगणारे स्टाफ-सिस्टर आणि साहेब दोघेही कायदा मोडताहेत.

वाघोडिया रोड मेडिकल

डॉक्टरांनी त्यांची बाजू मांडली, मी दुकानदाराची मांडतो. शिव्या आम्हीच खातो.

एमटीपी किट म्हणजे मिफेप्रिस्टोनची एक आणि मिसोप्रोस्टोलच्या चार गोळ्या. भारतात २००८ पासून एकत्र पाकिटात मिळते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही, ठीक. पण चिठ्ठी असली तरी मी ठेवत नाही. ठेवली की ड्रग इन्स्पेक्टर येतो, बिलाची प्रत, चिठ्ठीची प्रत, डॉक्टरचा नंबर, सगळं एकेक तपासतो आणि महिन्यात चार पाकिटं जातात. त्यापेक्षा ओआरएस विकलेलं बरं.

मग होतं काय? माझ्याकडे 'नाही' ऐकून मुलगा पुढच्या गल्लीत जातो. तिथे बिनाबिलाचं, दुप्पट पैशांत, कधी पाकीट फोडून तीनच गोळ्या. सांगणारं कुणी नाही. दोन दिवसांनी तोच मुलगा माझ्याकडे पॅड आणि पेनकिलर मागायला येतो, तेव्हा मला कळतं.

निवृत्त स्त्रीरोग

दुकानदारसाहेब, याची कल्पना सगळ्यांना आहे, लिहीत कुणी नाही. लान्सेट ग्लोबल हेल्थमध्ये एक मोठा अभ्यास आला होता: २०१५ या एका वर्षात देशात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात, त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर गोळ्यांनी. म्हणजे चारातल्या तिघी तुमच्या पुढच्या गल्लीत.

गोळ्या मुळात सुरक्षित आहेत. नियमाप्रमाणे ९ आठवड्यांपर्यंत डॉक्टर त्या देऊ शकतो. धोका दोन ठिकाणी. एक, गर्भ नळीत असेल तर गोळ्यांनी तो पडत नाही, नळी फुटू शकते आणि बाई रक्त आतल्या आत गमावते. एका बाजूला जोरात दुखणं, खांदा दुखणं, चक्कर: तडक दवाखाना. दोन, रक्तस्राव. तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजताहेत आणि असं सलग दोन तास चाललंय, तर सकाळची वाट बघायची नाही. अर्धवट झालेल्या गर्भपाताला उपचार देणं हे कुठल्याही डॉक्टरचं काम आहे, गोळ्या कुठून आणल्या हा प्रश्न नंतरचा. कुणी पोलिसांची भीती घालत असेल तर दुसरा दवाखाना गाठा, पण गाठा.

फतेगंज हॉस्टेल

पहिल्यांदाच लिहितेय, आयडीही नवीन आहे, चालवून घ्या.

मैत्रिणीबरोबर गेले होते. दोघी एमएसयूच्या, म्हणजे सयाजीराव विद्यापीठाच्या. लग्न झालंय का, हा पहिला प्रश्न. वय नाही, तारीख नाही, लग्न. तिने 'हो' सांगितलं. त्यासाठी मेसच्या मावशींकडून काळ्या मण्यांची पोत मागून आणली होती, ती गळ्यात नीट बसत नव्हती, कारण मावशींच्या मापाची होती. डॉक्टरबाईंनी पोतीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, काढून ठेव, टोचेल. पुढे एक शब्द नाही. नीट तपासलं, नीट समजावलं. सगळ्याच अडवतात असं नाही, हे सांगायला लिहिलं.

पण अविवाहित असेल तर कायद्याने चालतं का? आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

कोर्टाची पायरी

चालतं. २०२१ च्या दुरुस्तीत 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' काढून 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द घातले. तरी २४ आठवड्यांच्या नियमात अविवाहितांचा उल्लेख नव्हता, म्हणून दिल्लीच्या एका पंचवीस वर्षांच्या मुलीला हायकोर्टाने नकार दिला. ती सुप्रीम कोर्टात गेली. २९ सप्टेंबर २०२२ चा निकाल: विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही. त्याच निकालात, या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कारच धरायचा, असंही म्हटलंय. आणि डॉक्टरांनी कायद्यात नसलेल्या जादा अटी, म्हणजे घरच्यांची संमती वगैरे, घालू नयेत असंही. तेवढं पान छापून पर्समध्ये ठेवा.

अठराच्या आतली मुलगी असेल तर पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली पोलिसांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. पण मुलीने आणि पालकाने विनंती केली तर कळवताना नाव-गाव उघड न करण्याची मोकळीक याच निकालाने दिली.

नर्मदातीर

माझं मत वेगळं आहे आणि तेही इथे असावं. लग्नानंतर बरीच वर्षं वाट बघून मला मूल झालं. आठव्या आठवड्यात ठोके ऐकले तेव्हा मी सोनोग्राफीच्या टेबलावर रडले होते. त्याला 'पिशवी साफ करणं' म्हटलेलं मला ऐकवत नाही. जीव आहे तो. पाच-सहा आठवड्यांत दुसरीला तो नकोसा होतो हे मला समजतच नाही.

सुरसागरकाठची

नर्मदातीर, तुमचं दुःख आणि तुमचा आनंद दोन्ही खरे. मी ज्यांच्याबरोबर जाते त्यांतल्या बहुतेक जणी आधीच आया आहेत. धाकटं मूल घरी शेजारणीकडे ठेवून आलेल्या. ओटीबाहेर बसून फोनवर 'त्याला दूध दिलं का' विचारतात. तुम्हाला पटावं असा माझा आग्रह नाही. पण पटत नाही म्हणून तुम्ही तिला दारात अडवाल का?

नर्मदातीर

नाही. अडवणार नाही. देवाला विचारू द्या, मी कोण.

इलिनॉयची मावशी

मूळची वाडीतली, आता दक्षिण इलिनॉयमध्ये कार्बनडेलला. २४ जून २०२२ ला इथल्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा रो निकाल उलटवला आणि आसपासच्या मिझुरी, केंटकी, टेनेसीमध्ये गर्भपात बंद झाला. त्यानंतर आमच्या या लहानशा गावात क्लिनिकं सुरू झाली. पार्किंगमध्ये परराज्यांच्या नंबरप्लेटी. रात्रभर गाडी चालवून आलेल्या मुली, मागच्या सीटवर उशी.

मी शनिवारी एस्कॉर्ट म्हणून उभी राहते. रंगीत जॅकेट, हातात मोठी छत्री, पाऊस नसला तरी. चेहऱ्याचे फोटो काढतात, ते छत्रीने अडवायचे. नियम एकच: समोरच्या लोकांशी बोलायचं नाही. वाद घालायचा नाही, उत्तर द्यायचं नाही, हसायचंही नाही. मुलीशी हवा-पाण्याच्या गप्पा मारत चालायचं. कुणी जपमाळ घेऊन शांत उभं असतं, त्यांचं मला काही वाटत नाही. कुणी कानाशी येऊन 'मम्मी, मला मारू नकोस' म्हणतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जागेवरच थिजले होते.

इथे प्रकरण खुनांपर्यंत गेलंय. १९९३ ला फ्लोरिडात डॉ. डेव्हिड गन यांना क्लिनिकबाहेर गोळ्या घातल्या, २००९ ला कॅन्ससमध्ये डॉ. जॉर्ज टिलर यांना चर्चमध्ये. १९९४ ला क्लिनिकचं दार अडवणं हा केंद्रीय गुन्हा ठरला, पण जानेवारी २०२५ मध्ये त्या कायद्याखाली दोषी ठरलेल्या २३ जणांना ट्रम्पने माफी दिली. ब्रिटनमध्ये उलट दिशा: इंग्लंड-वेल्समध्ये क्लिनिकभोवती १५० मीटर, स्कॉटलंडमध्ये २०० मीटर निषिद्ध पट्टा, दोन्ही २०२४ पासून.

तुमच्या शिक्क्याचं वाचून मात्र वाटलं, आमचे लोक निदान समोर उभे असतात. छत्री तरी धरता येते.

बेळगावचा जावई

आयर्लंडचं राहिलं. सविता हलप्पनवार आमच्या बेळगावच्या. दाताची डॉक्टर, १७ आठवडे, गर्भ वाचणार नाही हे कळलेलं, तरी ठोके चालू आहेत म्हणून गॅलवेच्या हॉस्पिटलने गर्भपात केला नाही. सेप्सिस होऊन २८ ऑक्टोबर २०१२ ला गेली. सहा वर्षांनी तिथे सार्वमत झालं, ६६ टक्क्यांनी घटनेतली बंदी काढली, डब्लिनच्या भिंतीवर तिचं चित्र रंगवलं होतं. सासुरवाडीला गेलो की अजून विषय निघतो.

जुनं पान

बडोद्याचा धागा आहे आणि अजून सयाजीराव आले नाहीत, म्हणजे कमालच. मी त्यांना आणत नाही, सुरतेचं सांगतो. १८८१ ला तिथे विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात बाळाच्या हत्येसाठी फाशी सुनावली, पुढे शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांनी तिच्यासकट सगळ्या बायकांवर तोंडसुख घेतलं. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ ला जे 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी १८६३ ला जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अडलेल्या विधवेनं गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवावं वा न ठेवावं. तिला 'कुणाचं' असं कुणी विचारत नव्हतं. आणि १९२१ ला र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तर त्यांची प्राध्यापकी गेली.

म्हणजे सोबत जाणाऱ्या बायका ही अमेरिकेहून आलेली गोष्ट नव्हे.

मांडवीकर

वाचतोय सगळं. कोर्टाचं एक विचारायचं राहिलं. दिवस जास्त झाले असतील तर काय, कोर्टातच जायचं?

कोर्टाची पायरी

हो, आणि तिथे खरा शत्रू घड्याळ. आपल्याच राज्यातलं प्रकरण घ्या. ऑगस्ट २०२३. बलात्कारपीडित तरुणी, २६ आठवडे उलटलेले. बोर्डाचा अहवाल ११ तारखेला गुजरात हायकोर्टासमोर होता, बोर्डाने गर्भपात करता येईल असं म्हटलेलं, तरी पुढची तारीख २३. बारा दिवस! मग मध्येच अर्ज फेटाळला, आदेशाची प्रत नाही. सुप्रीम कोर्टाने शनिवारी खास बसून ऐकलं आणि २१ ऑगस्टला परवानगी दिली, हायकोर्टाच्या ढिलाईवर कडक शब्दांत बोलूनच. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर औषधं चालू, २६ आठवडे, तिला आधी परवानगी दिली आणि मग काढून घेतली. तेव्हा कोर्टावर विसंबू नका. त्या 'उद्या या', 'अजून एक सोनोग्राफी' मध्येच वीसचे चोवीस होतात.

संपादक

तीन प्रतिसाद काढले आहेत. दोन शिवीगाळीचे, एकात डॉक्टरचं नाव आणि पत्ता होता. दवाखान्यांची नावं इथे नकोत, चांगली असोत की वाईट. 'कुठे जाऊ' हे व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारा.

फतेगंज हॉस्टेल

सुरसागरकाठच्या काकू, तुमच्याबरोबर यायचं असेल तर काय यावं लागतं? माझ्यासारख्या दोघी आहेत. गुजराती तिघींना अस्खलित येतं.

सुरसागरकाठची

गुजराती येतं म्हणजे अर्धं काम झालं, आमच्यातल्या दोघींचं व्याकरण ऐकून रिसेप्शनिस्ट हसतात. बाकी: तिच्या वतीने बोलायचं नाही, ती बघेल तेव्हाच बोलायचं. का, कसं, कुणाचं हे विचारायचं नाही. तिचा फोटो नाही, स्टेटस नाही. तिचे आधीचे रिपोर्ट एका फाइलीत तारखेप्रमाणे लावून न्यायचे, म्हणजे 'परत सोनोग्राफी' टळते. नकार मिळाला तर 'तेवढं लिहून द्या' म्हणायचं, शांतपणे. लेखी द्यायला कुणी तयार नसतं आणि मग आश्चर्यकारकरीत्या साहेब ओटीतून मोकळे होतात.

वाघोडिया रोड मेडिकल

फॉर्म सी ची गुजराती प्रत आणि तो २०२२ चा परिच्छेद कुणी टाइप करून दिला तर झेरॉक्स माझ्याकडून. दुकानात ठेवतो. किटबद्दल विचार करतोय, आत्ताच हो म्हणत नाही.

कोर्टाची पायरी

उद्या रात्रीपर्यंत देतो. मराठी, गुजराती दोन्ही. गुजराती श्रुती फॉन्टमध्ये चालेल ना?